आभाराला दिवा लागत न्हाई

आमच्या कॉलेजात कुठलाच कार्यक्रम आपोआप संपत नसे. तो संपवायला एक माणूस नेमलेला होता. त्याला सगळे आभारभाऊ म्हणायचे. त्याच्या हातात माईक गेला की मागच्या रांगेतली पोरं चपला काढून खुर्चीवरच मांडी घालून बसायची, कारण आता जल्दी सुटका नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

मी सूत्रसंचालन करायचे. म्हणजे कार्यक्रमाचा गाडा मी ओढत आणायचा, घामाघूम व्हायचं, शेवटाला एक झकास शेर टाकून टाळ्या घ्यायच्या आणि मग म्हणायचं, "आता आभारप्रदर्शनासाठी मी विनंती करते..." की फिरला माझ्या मेहनतीवर बोळा. माझा शेर कुणाच्या लक्षात राहायचा नाही. लोकांच्या लक्षात काय राहायचं, तर आभारभाऊनं जनरेटरवाल्याच्या मेव्हण्याचे आभार मानले, कारण पाऊण तास तो बिचारा वायर धरून उभा होता. राग यायचा मला. अजून येतो.

तो वडीगोद्रीकडचा. घरी मेंढरं, थोडी शेती. त्यानं आधी मराठीत एम.ए. केलं, मंग इतिहासात, मंग लोकप्रशासनात. आमचं कॉलेज विद्यापीठातलं सगळ्यात मोठं म्हणून मिरवायचं, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना वाटायचं की हा इथं नोकरीलाच आहे. पांढरा शर्ट, खिशात कंगवा, आणि बोलायच्या आधी तोंडात एक लवंग. लवंग गालात सरकवली की समजायचं, आता हा बराच वेळ उभा राहणार.

त्याचे नियम होते. पहिला नियम, कागद घ्यायचा नाही. मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढी नावं तुमच्या ध्यानात कशी राहतात?" तर म्हणाला, "ताई, आमच्या बापाला कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून वळखू येतं. मला माणसं वळखू येऊ नयेत का?" मी म्हणलं, तुम्ही आम्हाला मेंढरं म्हणून राह्यलात. तो म्हणाला, "तुम्ही त्याच्यापरीस जास्त वरडता."

दुसरा नियम, 'वेळेअभावी सगळ्यांची नावं घेणं शक्य नाही' हे वाक्य म्हणायचं नाही. ते वाक्य ऐकलं की त्याचा चेहरा पडायचा. "चोराचं वाक्य हाय ते. नावं म्हाईत नसत्यात आन् दोष घड्याळाला." एकदा एका बाहेरच्या प्राध्यापकानं आमच्याच सभागृहात हे वाक्य म्हणलं, तेव्हा आभारभाऊ उठून बाहेर जाऊन उभा राहिला. कार्यक्रम संपल्यावर त्यानं दारात थांबून राहिलेल्या लोकांचे एकेक करून आभार मानले. ते लोक चप्पल शोधत होते.

आणि तिसरा नियम, आभारासोबत कारण द्यायचंच. "नुसतं आभार म्हणलं तर समोरच्याला कळत न्हाई आपण काय चांगलं केलं. मंग पुढच्या टायमाला तो भलतंच करतो." हे तो इतकं गंभीरपणे सांगायचा की मला हसू दाबायला ओढणी तोंडात धरावी लागायची.

पण हे सगळं स्टेजपुरतं असतं तर ठीक होतं. माणूस चोवीस तास सुरू असायचा. अंबडहून येणारी एस.टी. जालना बसस्टँडात शिरली की हा दारापाशी उभा राहून म्हणायचा, "प्रवासी बंधू-भगिनींनो, उतरण्याआधी दोन मिनिटं." ड्रायव्हरचे आभार, फाट्यावरच्या खड्ड्यात हळू घेतल्याबद्दल. पुढच्या सीटवरच्या आजीबाईंचे आभार, उलटी येणाऱ्या लेकराला खिडकी दिल्याबद्दल. लोक डोक्यावर गाठोडी घेऊन उभे. कुणीतरी मागून म्हणायचं, ए बाबा, उतरू दे. अंबडच्या मैत्रिणीकडून येताना मी त्याच गाडीत असले तर खिडकीकडं तोंड करून बसायचे, ओळख दाखवायची नाही. तो मात्र शेवटी हमखास माझं नाव घ्यायचा, 'शांतपणे प्रवास केल्याबद्दल'.

त्या गाडीचा कंडक्टर मला एकदा म्हणाला, "इतकी वर्षं नोकरी झाली ताई, लोकांनी मला नुसतं भांडायलाच तोंड उघडलं. हे येडं पहिलं निघालं." पुढं तो कंडक्टर आभारभाऊ दिसेपर्यंत डबल बेल द्यायचा नाही.

परीक्षेत तो उत्तरपत्रिकेच्या शेवटी पेपर तपासणाऱ्याचे आभार मानायचा, अक्षर लावून वाचल्याबद्दल. एका पेपरात नापास झाला. मला वाटतं, त्या माणसानं अक्षर लावलंच नसावं. फिशपॉन्डमध्ये दरवर्षी सगळ्यात वाईट चिठ्ठ्या त्याच्याच नावानं निघायच्या, आणि दरवर्षी हा उठून निनावी लिहिणाऱ्याचे आभार मानायचा, 'एवढ्या गर्दीत आपली आठवण ठेवल्याबद्दल'. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे आभाराचे व्हॉइस मेसेज यायचे. ते ऐकत ऐकत आमच्या खोलीतल्या पोरी भाजी निवडून घ्यायच्या.

शोकसभेची गोष्ट तर मी कुणाला सांगितली की लोक मला खोटारडी म्हणतात. आमचे जुने ग्रंथपाल वारले. फार मायाळू माणूस. सभागृहात शोकसभा, समोर फोटो, हार, उदबत्ती, पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी. शोकसभेत आभार नसतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दोन मिनिटं मौन झालं, मी माईक बंद करायला वळले, तर हा लवंग गालात सरकवून उभा. म्हणाला, "ज्यांच्यामुळं आज आपण सगळे इथं एकत्र आलो, त्या सरांचे मी सगळ्यात आधी आभार मानतो."

प्राध्यापक लोक खाली बघायला लागले. एकाला खोकल्याची उबळ आली, ती खोकल्याची नव्हती. हा आपला सुरूच. सरांनी उशिरा पुस्तक आणलं तर कुणाला काय विचारलं, कुणाला वाचनालयातच डबा खाऊ दिला, कुणाचं झोपेत पुस्तकावर डोकं पडलं तर पंखा त्याच्याकडं फिरवला, एकेकाचं नाव घेऊन सांगत गेला. संपलं तेव्हा सरांच्या पत्नी पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. मला म्हणाल्या, "ह्यांना आवडलं असतं बाई. घरी आल्यावर हेच सांगायचे." मी मान डोलावली.

आता तो हायवेला हॉटेल टाकून बसलाय. मिसळ, भजे, चहा. ट्रकवाले लांबून येऊन थांबतात. खाऊन झालं की गल्ल्यापाशी उभं राहून आभार ऐकून घ्यावे लागतात, नाही तर तो गाडी काढू देत नाही. धंदा बराबर चाललाय असं ऐकते.

तर आता गॅदरिंगचं सांगते, आणि त्यासाठी आधी माझ्या बहिणीचं सांगावं लागतं.

आमचं गाव धावडा, भोकरदन तालुक्यात. कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर एका वर्षी आमच्याच गावाला आलं. पोरापोरींनी नाली खणली, झाडं लावली, संध्याकाळी शाळेपुढं कार्यक्रम. त्यात माझी धाकटी बहीण नाचली. तेव्हा ती अकरावीला. नाचते म्हणजे अशी की आपल्याला बसवत नाही. गावानं टाळ्या वाजवल्या आणि घरी आल्यावर बाबांनी भाकरीचं ताट सरकवून दिलं. "गावात नाचायचं न्हाई. लोक नावं ठिवून राह्यले." ती रडली. माय म्हणाली, मंग तिनं नाचावं कुठं? बाबांनी ताट परत पुढं ओढलं. मग म्हणाले, "कॉलेजात गेल्यावर त्या गॅदरिंगला नाचू दे. ते शिक्षणात धरतात. तिथं मी न्हाई म्हणणार न्हाई."

झालं, पोरीनं ते धरून ठेवलं. कोठ्यात म्हशीपुढं सराव. बारावीचा अभ्यास कमी आणि तालीम जास्त. मला फोन करून एकच विचारायची, "ताई, स्टेज केवढं असतं?"

आभारभाऊ त्या शिबिरात होता. शेवटच्या दिवशी त्यानं माझ्या मायचे आभार मानले, तव्यावरची गरम भाकरी आधी स्वयंपाकातल्या पोरींना वाढल्याबद्दल. सगळ्या गावासमोर माझ्या मायचं नाव पहिल्यांदाच माईकवरून आलं. तिनं घरी जाऊन सणाचं लुगडं नेसलं. पुढं किती तरी दिवस मला फोनवर ती माझ्याआधी त्याची खुशाली विचारायची.

पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजात नवे प्राचार्य आले. त्याआधीच्या गॅदरिंगला शहरातल्या जुन्या जालन्याच्या पोरांत आणि होस्टेलवाल्यांत 'वन्स मोअर'वरून हाणामारी झालेली. खुर्च्या तुटल्या, एकाच्या डोक्याला टाके. नव्या सरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या विद्यार्थी मंडळाला बोलावून सांगितलं, "या वर्षी शेवटची संधी. एक खुर्ची जरी हवेत गेली, तरी स्नेहसंमेलन कायमचं बंद. माझ्या कारकिर्दीत पुन्हा होणार नाही." मग आभारभाऊकडं बघून म्हणाले, "आणि आभार एका वाक्यात."

आभारभाऊ म्हणाला, "हो सर. एका वाक्यात."

मला त्याच्या वाक्याचं काही पडलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं कोठ्यात नाचणारी बहीण होती. गॅदरिंग बंद म्हणजे तिचं नाचणं बंद. बाबा दुसऱ्या कुठल्याच स्टेजला हो म्हणणार नव्हते, मी ओळखते ना त्यांना.

गॅदरिंगचा दिवस उजाडला. मंडप भरला. एका बाजूला जुन्या जालन्याची पोरं, त्यांचा म्होरक्या कापड दुकानवाल्याचा पोरगा, केस सोनेरी केलेले. दुसऱ्या बाजूला होस्टेल, त्यांचा सेक्रेटरी शिट्टी घेऊनच आलेला. मधे पोरी, माझ्यासारख्या जीव मुठीत धरून बसलेल्या. आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. पाहुणे म्हणजे कुणीतरी मोठे साहेब. फोन आला की अंबड रोडला उसाची ट्रॉली उलटलीय, रस्ता बंद आहे.

आता आपल्याकडं कसं असतं? पाहुणे आल्याशिवाय दीपप्रज्वलन नाही. दिवा लागल्याशिवाय स्वागतगीत नाही. स्वागतगीताशिवाय प्रास्ताविक नाही, आणि प्रास्ताविक झाल्याशिवाय पोरांनी नाचायचं नाही. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. समई तेल घालून तयार, पेटवायला कुणी नाही. मी माझी ठेवणीतली शायरी काढली. चार-पाच शेरांनंतर मागून आवाज आला, "ताई, आता बस करा." मी बसले.

मग कुणीतरी शिट्टी मारली. समोरून कुणीतरी शिवी दिली. एक पाण्याची बाटली इकडून तिकडं गेली. आणि सोनेरी केसवाला उठला, त्यानं आपली खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

प्राचार्य स्टेजच्या पायरीवर माझ्या शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "संपलं. माईक द्या, मी जाहीर करतो." माईक मी घट्ट धरून ठेवला. सोडवेचना.

तेवढ्यात आभारभाऊ बाजूनं आला. लवंग गालात.

"सर, मी आभार मानून घेऊ का?"

"कसले आभार? अजून काही सुरू झालेलं नाही."

"म्हणूनच म्हणून राह्यलो. नंतर गडबडीत ऱ्हाऊन जातं."

"अहो, दीपप्रज्वलन व्हायचंय."

"आभाराला दिवा लागत न्हाई, सर."

सरांनी समईकडं बघितलं. खरंच लागत नाही. तेवढ्या वेळात मी माईक भाऊच्या हातात दिला.

"आजचं गॅदरिंग इतकं शांततेत पार पडलं," त्यानं सुरुवात केली आणि अख्खा मंडप गप्प झाला, कारण असलं काही कुणी ऐकलं नव्हतं, "त्याबद्दल मी सगळ्यात आधी आपल्या जुन्या जालन्याच्या मित्राचे आभार मानतो," आणि त्यानं त्या सोनेरी केसवाल्याचं बापाच्या, आज्याच्या नावासकट नाव घेतलं, "कारण मेसच्या मावशी सकाळपासून उभ्या होत्या ते फक्त त्याच्याच ध्यानात आलं, आन् त्यानं सोताची खुर्ची उचलून त्यांना बसायला दिली."

सगळी डोकी तिकडं वळली. पोरगा डोक्यावर खुर्ची घेऊन उभा. त्याच्या मागं खरंच मेसच्या मावशी उभ्या होत्या. त्यानं खुर्चीकडं बघितलं, मावशींकडं बघितलं, आणि काय करणार बिचारा, खुर्ची खाली ठेवून हातानं पुसली. मावशी बसल्या. मंडपात टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तो पोरगा लाजून मान खाली घालून हसायला लागला. माझं आयुष्य गेलं स्टेजवर, मला तसली टाळी मिळाली नाही.

मग सुटलाच हा. "तसंच" म्हणायचा आणि पुढं जायचा, वाक्य काही संपू द्यायचा नाही. तसंच होस्टेलच्या सेक्रेटरीचे, जुन्या जालन्याच्या नाचाला पहिली टाळी त्यानंच वाजवल्याबद्दल. सेक्रेटरीनं शिट्टी खिशात घातली. तसंच गाणाऱ्या ग्रुपचे, एकच गाणं म्हणून खाली उतरल्याबद्दल. तसंच आपल्या सूत्रसंचालिका ताईंचे, शायरी आवरती घेतल्याबद्दल. ह्याला तर पोरं उभी राहून नाचली. मी दात-ओठ खाल्ले आणि मनातल्या मनात सगळे राहिलेले शेर घडी घालून ठेवून दिले. आता म्हणायची सोयच राहिली नव्हती ना.

एकेक रांग घेत गेला. ज्याचं नाव यायचं तो ताठ व्हायचा. ज्याचं यायचं होतं तो हलायचा नाही, न जाणो आपलं चुकायचं. मधेच पाहुणे येऊन मंडपाच्या दारात थांबले. त्यांना वाटलं, कार्यक्रम संपला. हा तिथूनच म्हणाला, "तसंच पाहुण्यांचे, भाषण थोडक्यात केल्याबद्दल." त्या साहेबांनी हातातले कागद निम्मे काढून ड्रायव्हरकडं दिले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि मग तो, थकून पायरीवरच टेकलेल्या सरांकडं वळला.

"आन् शेवटी आपल्या प्राचार्य सरांचे, सरांनी गॅदरिंग पुढच्या वर्षी बी घ्यायचं ठरवलं, त्याच्या पुढच्या वर्षी बी घ्यायचं ठरवलं, आन् ज्या पोरी आज गावाकडं बारावीला हायेत आन् ह्या स्टेजची वाट बघून राह्यल्या, त्यांच्या बापाला सर सोता फोन करणार हायेत, की तुमची पोरगी नाचली तर ते शिक्षणातच धरलं जाईल, त्याबद्दल."

बाबांचं ते बोलणं मी त्याला एकदाच सांगितलं होतं. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मला मात्र समोरचं दिसेनासं झालं. मंडप उभा राहिला. पोरी ओरडत होत्या, पोरं खुर्च्यांवर नव्हे, खुर्च्यांपुढं उभी होती. शेकडो मोबाइल वर. आणि आपल्याकडं कसं असतं, आभारात आपलं नाव आलं की माणूस विचार करत नाही, उठतो आणि हात जोडतो. सर उठले आणि त्यांनी हात जोडले. तो हात जोडल्याचा व्हिडिओ पाहुण्यांनी समई पेटवायच्या आधीच सगळ्या जालन्यात फिरला.

गॅदरिंग शांततेत पार पडलं. पडणारच होतं, आभार मानून झाले होते. जुन्या जालन्याच्या नाचाला पहिली टाळी सेक्रेटरीचीच होती.

संध्याकाळी सरांनी आभारभाऊला केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशी होते. सर म्हणाले, "मी हे कधी ठरवलं?" भाऊ म्हणाला, "सर, तुम्ही उठून नमस्कार केला." सरांनी मोबाइलवर आपलाच व्हिडिओ परत लावून बघितला. मग म्हणाले, "मी एक वाक्य सांगितलं होतं." भाऊ म्हणाला, "एकच होतं सर. लांब झालं." सरांनी त्याला जायला सांगितलं. चहा मात्र पाजला आधी.

पुढच्या वर्षी माझी बहीण आमच्या कॉलेजात आली. गॅदरिंगच्या आधी धावड्याला फोन गेला. बाबा फोनवर उभं राहून बोलले म्हणे, माणूस समोर असल्यागत. आणि गॅदरिंगला ते सोता आले, मायला घेऊन, इस्त्रीचं धोतर, डोक्याला नवी टोपी. सूत्रसंचालन त्या वर्षी दुसरीला देऊन मी मायच्या बाजूला बसले होते.

सर भाषणाला उठले. म्हणाले, "हे संमेलन मी चालू ठेवीन असं मी कुणालाही म्हणालो नव्हतो. पण माझे आभार मानून झाले होते. मानलेले आभार परत करायची पद्धत मला माहीत नाही." पोरं हसली. सर हसले नाहीत, पण खाली बसताना समोरच्या पोरींकडं बघून त्यांनी मान डोलावली.

मग बहिणीचं नाव पुकारलं. ती आली, स्टेज केवढं आहे ते एकदा डोळ्यांनी मोजलं आणि सुरू झाली. मी तोंडात ओढणी धरली होती, ह्या वेळी हसू दाबायला नव्हे. माय तर उघडच रडत होती. बाबा हलले नाहीत. पापणीसुद्धा नाही. शेजारी कुणीतरी अनोळखी गृहस्थ बसले होते, ते बाबांकडं वाकून म्हणाले, "काय पोरगी नाचून राह्यली हो. कुणाची म्हणायची?"

"माझी हाय," बाबा म्हणाले. मग टोपी सारखी करून म्हणाले, "बरं केलं तुम्ही इचारलं."